चार नंबरच्या बेडची अंडी

"रिपोर्ट अदलाबदल झालेत," मी लॅबला तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं. "चार नंबरचा पाचला लागलाय आणि पाचचा चारला."

"मॅडम, नळ्यांवर नावं मी स्वतः चिकटवलीत," लॅबवाला म्हणाला. त्याचा आवाज चढायला लागला होता. "तुम्हाला पटत नसेल तर पुन्हा रक्त पाठवा."

मी पुन्हा रक्त पाठवलं. आकडे तेच आले.

मी जळगावातल्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. डायलिसिसच्या पेशंटनी काय खायचं आणि काय नाही, हे बघणं माझं काम. किडन्या निकामी झाल्या की रक्त मशीनमधून गाळून घ्यावं लागतं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीन घाण काढतं, पण जाता जाता थोडं प्रथिनही घेऊन जातं. ते खाण्यातून भरून काढायचं असतं. शरीरात प्रथिन किती शिल्लक आहे याचा एक ढोबळ आकडा रक्तात मिळतो, त्याला अल्ब्युमिन म्हणतात. तो साडेतीनच्या आसपास असला की माझा जीव थाऱ्यावर असतो.

त्यासाठी आमच्याकडे प्रत्येक पेशंटला मशीनवर असताना दोन उकडलेली अंडी देतात. फक्त पांढरं, बलक काढून. केळी, खजूर, नारळपाणी बंद, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साचलं तर हृदय थांबू शकतं. माझं माहेर रावेरकडचं. वडिलांची केळीची बाग आहे. पोरीला शिकवली आणि ती बापाच्याच मुळावर उठली, असं ते पाहुण्यांना सांगत असतात.

तर गोंधळ असा होता. पाच नंबरच्या बेडवर युसूफचाचा. मेहरूणचे, वय सहासष्ट, उभा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात गेला. रमजान सुरू होऊन पंधरवडा झाला होता. त्यांचा आकडा खाली येणार हे मी धरूनच चालले होते. तो वर गेला होता. चार नंबरच्या बेडवर गावित बाई. धुळ्याला शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, आता जळगावात मुलीकडे राहतात. ख्रिश्चन. त्यांना कसला रमजान आणि कसलं काय. त्यांचा आकडा साडेतीनवरून तीनच्याही खाली घसरला होता.

जो उपाशी, तो सुधारतोय. जी खातेय, ती खालावतेय. मला काही उमगेना.

बाईंचा आकडा घसरणं परवडणारं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण शांताबाई त्यांना किडनी देणार होती. नाशिकच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, मार्चअखेरची. बाईंच्या हातातली डायलिसिसची शीर दोनदा बंद पडली होती. मानेत नळी घालून काम चालू होतं, आणि मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही. त्यातून जंतू शिरतात. म्हणजे वेळ कमी होता.

आमच्या किडनीच्या डॉक्टरांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. सरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. चष्मा काढला की आपलं काही खरं नसतं.

"काय खायला घालताय तुम्ही त्यांना?"

"सर, चार्टप्रमाणे सगळं चालू आहे. इथे दोन अंडी, डब्यात दोन अंडी. सिस्टरची दर वेळी टिक आहे."

"टिक खाऊन अल्ब्युमिन वाढत नाही. नाशिकचे सर्जन म्हणतात, एवढ्या कमी प्रथिनावर टाके भरणार नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणार. तेव्हा आकडा वर नसेल तर तारीख दुसऱ्याला जाईल. शोधून काढा."

मी शोधायला लागले. जंतू आहेत का, तपासलं. नाहीत. लघवीतून प्रथिन जातंय का? बाईंना लघवीच होत नव्हती. मशीनचा फिल्टर बदलून बघितला. टेक्निशियन वैतागला. बाईंची मुलगी रूथ कॉलेजात शिकवते, तिला फोन केला.

"दर वेळी डब्यात अंडी देते मॅडम. डबा रिकामा येतो," रूथ म्हणाली.

आता माझी चूक सांगते. फेब्रुवारीत, रमजान सुरू व्हायच्या आधी, मी उपवासाची माहिती घ्यायला वॉर्डात फिरले होते. युसूफचाचांपाशी अर्धा तास बसले. पहाटे काय खायचं नाही, संध्याकाळी सरबत किती, खजूर एकसुद्धा नाही, सगळं बजावलं. ते म्हणाले, "बेटी, मी रोजा धरणारच नाही. मौलानांनी सांगितलंय, आजाऱ्याला माफ आहे. धरून जीव धोक्यात घातला तर उलट गुन्हा." मी हो हो म्हटलं आणि फाइलवर लिहिलं, पेशंट नाही म्हणतो, लक्ष ठेवा. मागच्या वर्षी एकानं असंच नाही म्हणून सगळे रोजे धरले होते आणि त्याला आयसीयूत न्यावं लागलं होतं.

मग शेजारच्या बेडला वळले आणि उभ्या उभ्या विचारलं, "बाई, तुमचा काही उपवास वगैरे?"

बाई हसल्या. "आमच्यात कुठं पंचांग असतं गं वैशाली?"

मी 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेले. त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही.

यात माझं माहेर आडवं आलं. आमच्याकडे उपवास म्हणजे सगळ्या गल्लीला कळवायची गोष्ट. आई सकाळी अंगणातूनच सांगते, आज माझी चतुर्थी आहे हो. मग शेजारीण भगर आणून देते. कुणाच्या घरी गेलं आणि चहाबरोबर पोहे आले की आपण म्हणायचं, अहो मला उपवास, की लगेच ताटलीत बटाट्याचा कीस येतो. उपवास करायचा आणि कुणाला सांगायचा नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे ज्यानं सांगितला नाही त्याचा नाही, असा माझा सरळ हिशेब.

एका शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी वॉर्डात शिरले. पाच नंबरचा पडदा चारी बाजूंनी ओढलेला. आतून अंड्याचा वास येत होता. मी पडदा सरकवला. युसूफचाचा उशीला टेकून बसले होते, एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हातात अंडं. समोर प्लेटमध्ये आणखी तीन. बाजूला रूथचा निळा डबा.

चाचांनी अंडं घाईघाईनं चादरीखाली घातलं. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा चेहरा झाला.

"चाचा, तुमचा रोजा..." मी म्हटलं.

"सांगितलं होतं ना तुला, नाही धरत म्हणून. कुणाचा विश्वासच बसत नाही. डॉक्टरसाहेबांनी दोनदा विचारलं, सिस्टर तोंडाचा वास घेते." मग ते हळू बोलायला लागले. "घरी मुलगा, सून, सगळे रोजात. त्यांच्यासमोर भाकरी मोडायची कशी? मोहल्ल्यात हॉटेलावर पडदे. आयुष्यात एक रोजा चुकवला नाही मी, भट्टीजवळ उभा राहून धरलेत. आता एका गरिबाला रोज दोन वेळचं जेवण देतो त्याच्या बदल्यात. त्याला फिदिया म्हणतात. ते सगळं ठीक, पण खाताना लाज वाटते. म्हणून पडदा."

मला खरंच वाईट वाटलं. मी माफी मागितली. मग प्लेटकडे बोट केलं. "पण चार कशी? तुम्हाला दोन असतात."

"दोन बाईंची. डब्यातली. इथली दोनही देतात, ती मघाशीच खाल्ली. त्यांना वास सहन होत नसावा. टाकून द्यायची तर मलाच देतात."

मी चार नंबरकडे बघितलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. झोपेचं सोंग मला ओळखता येतं. माझ्या मुलीला दूध नको असलं की तीही असंच करते.

"बाई."

डोळे उघडले. केस नीट विंचरलेले, पातळाची घडी जागच्या जागी, कपाळावर थोडी पावडर. त्या तशाच येत असत, लग्नाला निघाल्यासारख्या.

"वास येतो म्हणून देता?"

बाई खोटं बोलत नाहीत. शिक्षकी पेशात राहिलेल्यांना ती खोड लागलेली असते. त्या म्हणाल्या, "माझे चाळीस दिवस चालू आहेत."

"कसले चाळीस दिवस?"

"ईस्टरच्या आधीचे. प्रभूनं रानात चाळीस दिवस उपास केला होता, त्याची आठवण. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे आमचा पहिला दिवस, आणि रमजान एकाच आठवड्यात आले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं नसतं. दाखवायचंही नसतं. उपास करायचा तर तोंड धुवून, केस विंचरून, नेहमीसारखं राहायचं. लोकांना कळलं की त्याची किंमत गेली. अंडी, मासे, मटण सोडलंय मी. आणि एक वेळ जेवते. रूथलासुद्धा माहीत नाही."

म्हणजे शेजारी शेजारी दोन बेड. एक बाई उपवास लपवत होती. एक माणूस उपवास नाही हे लपवत होता. आणि दोघांची अंडी एकाच पोटात जात होती. मी स्टुलावर बसून घेतलं.

चाचांनी चादरीखालचं अंडं काढलं आणि प्लेटमध्ये परत ठेवलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "बाई, मी तुमच्या ऑपरेशनची अंडी खाल्ली? पंधरा दिवस? तुम्ही मला हे कसं करू दिलंत?"

"तुम्हाला काय माहीत होतं, युसूफभाऊ."

"मला माहीत नव्हतं, पण खाल्ली तर मीच ना."

मी बाईंवर चिडले. पेशंटवर चिडायचं नसतं, पण चिडले. म्हटलं, "आकडा घसरलाय, तारीख जायची वेळ आलीये, तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," बाई म्हणाल्या. "माझी बहीण माझ्यासाठी शरीरातला तुकडा काढून देतेय. मोबदल्यात मी काय देतेय? काहीच नाही. निदान चाळीस दिवस तिच्यासाठी काहीतरी सोडावं, म्हणून सोडलं. तुला हे डाएटमध्ये बसवता येणार नाही."

खरंच येत नव्हतं. जिच्यासाठी उपवास, तिचीच किडनी त्या उपवासामुळे वाया जाणार होती.

मला वाटलं, सोपं आहे. चाचांना मौलानांनी सूट दिली, तशी बाईंना त्यांच्याकडचे कुणीतरी देतील. माझ्या डोक्यात चर्च म्हणजे मवाळ आणि मशीद म्हणजे कडक, असं काहीतरी बसलेलं होतं. कुठून बसलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाईंच्या चर्चमध्ये गेले आणि दारात विचारलं, "फादर आहेत का?"

"फादर कॅथलिकांचे. आमच्यात पास्टर," दारातला माणूस म्हणाला. पहिल्याच पावलाला मी परीक्षेत नापास.

पास्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "मॅडम, मी सूट कशी देऊ? आमच्या मंडळीत हा उपास सक्तीचा नाहीच. कोणी बांधलं असतं तर मी सोडवलं असतं. त्यांचं त्यांनी देवाशी ठरवलंय. मी मध्ये कोण?"

"पण आजाऱ्यानं करावा का?"

"करू नये. मी येऊन सांगतोही. पण बाई ऐकतील असं वाटत नाही." ते जरा घुटमळले. "मला त्यांनी चौथीत शिकवलंय."

ते मंगळवारी आले, बेडशेजारी बसले, समजावलं, प्रार्थना केली. बाईंनी डोळे मिटून प्रार्थना ऐकली आणि शेवटी त्यांना विचारलं, अक्षर सुधारलं का आता. अंडी प्लेटमध्ये तशीच राहिली.

घरी येऊन मी वहीत दोन रकाने आखले. उपवासाचा नवा फॉर्म करायचा होता आणि मला या दोघांमधलं सारखं काय, वेगळं काय, ते एकदा समजून घ्यायचं होतं. सारखंमध्ये लिहिलं: देव एकच. इब्राहिम दोघांचा. मरियम दोघांना पूज्य. उपवास, प्रार्थना, दानधर्म दोन्हीकडे. वेगळंमध्ये लिहिलं: एकाकडे पहाट ते सूर्यास्त पाणीसुद्धा नाही, दुसरीकडे पाणी चालतं, मनानं ठरवलेला पदार्थ सोडायचा. एकाचा शुक्रवार, दुसऱ्याचा रविवार. एकाकडे सगळं नेमून दिलेलं, सूटसुद्धा नेमून दिलेली. दुसरीकडे, निदान बाईंच्या चर्चमध्ये, नेमलेलं काही नाही, म्हणून सूटही नाही. मग पास्टर म्हणाले होते की कॅथलिकांचं आणखी वेगळं, तिथे नियम आहेत आणि आजाऱ्याला मोकळीकही आहे. मी रकाने खोडले. पुन्हा आखले. सारखंमधल्या निम्म्या ओळी वेगळंमध्ये गेल्या आणि दोन परत आल्या. शेवटी वही मिटली.

वॉर्डात मात्र त्या दोघांची दर डायलिसिसला जुंपायला लागली. चाचा आता पडदा ओढत नव्हते. त्यांना बाईंकडे बघत बोलायचं असायचं.

"बाई, तुमचे येशू आम्ही मानतो. आमचे पैगंबरच ते. त्यांनी किती आजारी बरे केले. ते तुम्हाला म्हणतील का, उपाशी मर?"

"तुम्ही पैगंबर मानता, युसूफभाऊ. आम्ही देवाचा पुत्र मानतो. आमच्यासाठी त्यानं जीव दिला. त्यापुढं अंडं म्हणजे काय?"

"तिथं आपलं जमायचं नाही. क्रूसाचं आम्ही वेगळं सांगतो. ते जाऊ द्या. पण मरियमबीबी बाळंत होताना खजुराच्या झाडाखाली होत्या, दुखणं असह्य झालं तर अल्लानं काय सांगितलं? झाड हलव, खजूर खा, पाणी पी. उपास कर नाही सांगितलं."

"आमच्यात गोठ्यात झाला जन्म. खजुराचं ऐकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांना गोष्ट आवडलेली दिसली.

"गोष्ट ऐका, पण खजूर दोघांनाही बंद आहे," मी मध्ये म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकमेकांकडे वळले.

"अल्लानं सूट दिली तर ती घ्यायची असते," चाचा म्हणाले. "नाही घेतली तर त्यानं पुढं केलेला हात झिडकारल्यासारखं आहे. मला काय सोपं गेलं का? पण घेतली."

"तुम्हाला दिली ना कुणीतरी. मला कोण देणार? मी स्वतःच बांधून घेतलंय."

"मग स्वतःच सोडा."

"ते तुमच्यापेक्षा अवघड आहे, भाऊ."

चाचा आपल्या प्लेटकडे वळले.

असा आठवडा गेला. तीनपैकी एक. मग शांताबाई आल्या, तपासणीसाठी. साक्री तालुक्यात डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. पावसाच्या भरवशावरची दोन एकर, बाकी मजुरी आणि पंचवीसेक कोंबड्यांची अंडी विकणं. सरांना त्यांना सांगणं भागच होतं, देणाऱ्याला सगळं सांगावं लागतं. सर म्हणाले, ऑपरेशन पुढं जाऊ शकतं. शांताबाईंनी विचारलं, का बरं? सरांनी सांगितलं. त्यांना गोड करून सांगता येत नाही.

शांताबाई थेट वॉर्डात आल्या. चपला दारात काढल्या आणि चार नंबरपाशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, वाळक्या, हाताला मातीच्या भेगा, बोलणं अहिराणी.

"अक्का, मी अंडा इकस, आन तू अंडा सोडस?"

बाई उठून बसायला लागल्या. मी उशी दिली.

"शांते, तुझ्यासाठीच गं. तू एवढं देतेस..."

"माले कोनी इचारं? मी सांगं का तुले, मन्हाकरता उपाशी ऱ्हाय? मी पोट फाडाले तयार शे. घरमा नवरा बोलत नई दोन महिना. आन तू एक अंडं खात नई?" त्यांचा आवाज चढला नाही. "देवले सांग, शांता मना करस. नई सांगनं व्हई त मी चालनी घर. किडनी मन्ही शे. वाया जावाले मी देनार नई."

"मग मी तुला काय देऊ?" बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. "मी काहीच देऊ शकत नाही तुला. काहीच नाही माझ्याकडे."

"तू जगीसन दाखाड. बठ्ठं आलं त्यामा."

जगून दाखव, त्यातच सगळं आलं, एवढंच त्यांचं मागणं होतं. कविता सिस्टर ट्रे घेऊन तशीच उभी होती. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. सिस्टरनं प्लेट दिली. बाईंनी अंडं खाल्लं, अगदी सावकाश, औषध घ्यावं तसं. दुसरंही खाल्लं. शांताबाई समोर उभ्या राहून बघत होत्या, प्लेट रिकामी होईपर्यंत. पाच नंबरवर चाचांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसत होते.

मी निघताना बाईंनी मला थांबवलं. "वैशाली, ही सूट मला देवानं दिली का शांतानं? तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, मी डाएटिशियन आहे.

पुढचे पंधरा दिवस मी बाईंच्या मागे हात धुऊन लागले. अंडी, मासे, रूथकडून रोज जेवणाचे फोटो. शांताबाईंनी गावाकडून एसटीतून टोपलीभर अंडी पाठवली, भुशात घालून. ईद झाली. चाचांच्या घरून सगळ्या वॉर्डाला शीरखुर्मा आला आणि मी एकाही पेशंटला तो खाऊ दिला नाही. स्टाफनं संपवला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रक्त पाठवलं. लॅबवाल्यानं स्वतःहून फोन केला. तीन पूर्णांक चार. साडेतीनला एक दशांश कमी. सर नाशिकशी बराच वेळ बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "घेतायत."

ऑपरेशन शनिवारी होतं. सकाळी दोघी बहिणींना आत घेतलं. आमच्याकडे चाचांचा डायलिसिसचा दिवस. चार नंबरवर दुसराच पेशंट होता. मी साडेबाराला फेरीवर आले तर चाचांची प्लेट भरलेली, चहाचा अर्धा कप गार झालेला.

"चाचा, खाल्लं नाही?"

"नको."

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

मी सिस्टरकडे बघितलं. ती म्हणाली, सकाळपासून पाणीसुद्धा नाही घेतलं. ओठ कोरडे दिसत होते. ईद होऊन आठवडा झाला होता, आता कसला रोजा? आणि चाचांनीच मला सांगितलं होतं की त्यांच्या मौलानांच्या मते डायलिसिसनं रोजा तुटतो, धरला तरी तो मोजला जात नाही.

"चाचा, रोजा आहे का? खरं सांगा. शुगर खाली गेली तर सर मला सोडणार नाहीत."

"रोजा नाही हा. मशीनवर रोजा कसला," ते छताकडे बघत म्हणाले. "असंच. भूक नाही. तू लिहू नकोस."

मी काय ते समजले. शुगर तपासली, ठीक होती. मग मी रागावले नाही. स्टूल ओढून बसले. फोन मांडीवर ठेवला. तसं करायची माझी पद्धत नाही, माझी दहा पेशंटची फेरी बाकी होती.

दीड वाजून गेल्यावर रूथचा फोन आला. ती रडत होती म्हणून मी उभीच राहिले.

"मॅडम, लघवी आली," ती म्हणाली. "टेबलावरच आली. धार लागली."

बसवलेली किडनी चालू झाली की नाही, हे सर्वांत आधी लघवी सांगते. ज्या बाईला दोन वर्षं थेंब नव्हता, तिला धार. शांतामावशी शुद्धीवर आलीये, ठीक आहे, हेही तिनं सांगितलं. मी वॉर्डात मोठ्यानं सांगितलं, गावित बाईंना लघवी झाली. टेक्निशियननं टाळी दिली. एक नंबरच्या आजोबांनी हात जोडले. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ही बातमी अशी सांगत असतील, मला वाटत नाही.

चाचांनी दोन्ही तळवे जरासे उघडले, एकाला सुई होती म्हणून तो अर्धाच. ओठ हलले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आण आता काय असेल ते. भूक लागली."

सिस्टरनं प्लेट पुढे केली. मी फाइल उघडली. दुपारच्या रकान्यात लिहायचं होतं, पेशंटनं उशिरा का खाल्लं. जो त्यांच्या धर्मात रोजा म्हणून मोजला जात नाही आणि बाईंच्या धर्मातलाही नाही, त्या उपवासाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. मी लिहिलं, भूक नव्हती.

बाई आता बऱ्या आहेत. शांताबाई दीड महिन्यात कामाला लागल्या, सरांनी तीन सांगितले होते तरी. चाचा अजून मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात. त्यांना देणारं कोणी जुळलेलं नाही.

मी उपवासाचा नवा फॉर्म केला. त्यात धर्माचा रकाना नाही. उपवास करता का, असंही विचारत नाही. आता विचारते, काय सोडलंय आणि कुणासाठी. निम्मे लोक खरं सांगतात. उरलेल्यांचं मला रक्त तपासल्यावर कळतं.